विश्लेषण : सततची चिंता पुरुषांचे शरीर कशी पोखरते?

छातीत धडधड होते म्हणून ईसीजी काढला, तो नॉर्मल. पोटात जळजळ होते म्हणून गोळ्या घेतल्या, तेवढ्यापुरता आराम. मान सारखी आखडलेली, पहाटे तीनला जाग येते आणि रक्तदाब पहिल्यांदाच १४०च्या वर गेलेला. चाळिशीतला पुरुष अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात येतो, तेव्हा बोलणे बहुतेक वेळा शरीराबद्दलच होते. घराचा हप्ता, नोकरीची टांगती तलवार, मुलांच्या शिक्षणाचा खर्च, वडिलांचे आजारपण हे विषय निघत नाहीत. डॉक्टरांनी विचारलेच तर ‘टेन्शन कुणाला नाही?’ या एका वाक्यावर प्रश्न मिटतो. पण वर्षानुवर्षे मुरलेली चिंता मनापुरती राहत नाही. अमेरिकेत दीड हजारांहून अधिक पुरुषांचा चार दशके माग ठेवणाऱ्या अभ्यासातून हे दिसून आले आहे. चिंता शरीरात कशी उतरते, पुरुषांना त्याचा धोका वेगळा का आणि त्यावर काय करता येते, याचा आढावा...

काळजी आणि चिंताविकार यांत फरक काय?

काळजी वाटणे हा आजार नाही. परीक्षा, मुलाखत, शस्त्रक्रिया किंवा कर्जाचा हप्ता तोंडावर आला की अस्वस्थ वाटते, कारण दूर झाले की अस्वस्थताही जाते. ती माणसाला तयारीला लावते, सावध ठेवते. प्रश्न निर्माण होतो तो कारण गेल्यानंतरही काळजी न गेल्यास. एक प्रश्न सुटला की मन दुसरा शोधते आणि ‘असे झाले तर?’ ही साखळी थांबत नाही.

मानसोपचारात यासाठी ढोबळ निकष आहेत. सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ, बहुतेक दिवस, अनेक गोष्टींबद्दल आवरता न येणारी काळजी वाटत असेल आणि तिच्यासोबत अस्वस्थता, थकवा, एकाग्रता न होणे, चिडचिड, स्नायू ताठरणे आणि झोपेच्या तक्रारी यांपैकी किमान तीन लक्षणे असतील, तर व्यापक चिंताविकाराची शक्यता तपासली जाते. या सहांपैकी थकवा, आखडलेले स्नायू आणि बिघडलेली झोप ही लक्षणे थेट शरीराची आहेत. त्यामुळेच अनेक जण मनाच्या तक्रारीसाठी अस्थिरोगतज्ज्ञ, पोटाचे डॉक्टर किंवा हृदयरोगतज्ज्ञ यांच्याकडे फेऱ्या मारत राहतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९मध्ये जगभरात ३० कोटींहून अधिक लोक चिंताविकाराने ग्रस्त होते. मानसिक आजारांमध्ये हा सर्वाधिक आढळणारा गट आहे.

चार दशकांच्या अभ्यासात काय आढळले?

अमेरिकेतील बोस्टन येथे माजी सैनिकांच्या आरोग्य विभागाने १९६०च्या दशकात पुरुषांच्या वाढत्या वयाचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. ‘नॉर्मेटिव्ह एजिंग स्टडी’ या नावाने तो ओळखला जातो. त्यातील १,५६१ पुरुषांच्या नोंदींवर आधारित निष्कर्ष जानेवारी २०२२मध्ये ‘जर्नल ऑफ द अमेरिकन हार्ट असोसिएशन’मध्ये प्रसिद्ध झाले. १९७५मध्ये या पुरुषांचे सरासरी वय ५३ होते आणि त्यांच्यापैकी कुणालाही हृदयविकार किंवा कर्करोग नव्हता. त्या वेळी त्यांच्याकडून दोन गोष्टींची माहिती भरून घेतली गेली. पहिली, स्वभाव किती चटकन अस्वस्थ होणारा, चिडणारा, खचणारा आहे. दुसरी, २० बाबींची यादी देऊन प्रत्येकीची काळजी किती वेळा वाटते.

त्यानंतर दर तीन ते पाच वर्षांनी त्यांच्या शारीरिक तपासण्या होत राहिल्या. वरचा आणि खालचा रक्तदाब, एकूण कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड, लठ्ठपणा, उपाशीपोटी रक्तातील साखर आणि शरीरातील दाह दाखवणारा ईएसआर हे सात घटक मोजले गेले. यांपैकी सहा किंवा अधिक घटक धोक्याच्या पातळीवर असणे म्हणजे हृदयविकार, पक्षाघात किंवा मधुमेह दाराशी येऊन ठेपणे.

वय, उत्पन्न, घराण्यातील हृदयविकार अशा बाबी हिशेबात धरल्यानंतरही, अधिक काळजी करणाऱ्या पुरुषांमध्ये सहा किंवा अधिक घटक धोक्याच्या पातळीवर जाण्याची शक्यता १० टक्क्यांनी जास्त आढळली. चटकन अस्वस्थ होणाऱ्या स्वभावाच्या पुरुषांमध्ये ती १३ टक्क्यांनी जास्त होती. वयाच्या ३३ ते ६५ या काळात साधारण दर दशकात एक घटक धोक्याच्या पातळीवर जातो, हे सर्वच पुरुषांमध्ये दिसले. काळजी करणाऱ्यांमध्ये मात्र हा आकडा प्रत्येक वयात वरचढ राहिला. याचा अर्थ फरक म्हातारपणी अचानक पडला नाही. तो तरुणपणापासूनच सोबत होता.

दहा टक्के म्हणजे घाबरण्यासारखे आहे का?

नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखेही नाही. धूम्रपान किंवा उच्च रक्तदाब यांच्या तुलनेत हा परिणाम लहान आहे. मात्र तो एकटा काम करत नाही. चिंतेमुळे सिगारेट वाढते, झोप कमी होते, व्यायाम सुटतो आणि या प्रत्येकाचा स्वतंत्र भार हृदयावर पडतो.

हा अभ्यास वाचताना काही मर्यादाही लक्षात घ्याव्या लागतात. त्यातील ९७ टक्के पुरुष गोरे अमेरिकी होते. शिवाय असा अभ्यास दोन गोष्टी सोबत चालतात हे दाखवतो, एकामुळेच दुसरी घडली हे सिद्ध करत नाही. पण इतर देशांतील पुरावेही याच दिशेला बोट दाखवतात. २०१०मध्ये २० अभ्यासांतील सुमारे अडीच लाख लोकांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यात चिंताग्रस्तांमध्ये हृदयरोगाचा धोका २६ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका ४८ टक्के अधिक आढळला. त्याआधी १९९४मध्ये अमेरिकेतील सुमारे ३४ हजार पुरुष आरोग्य व्यावसायिकांच्या अभ्यासात, तीव्र भीती आणि चिंता असलेल्यांमध्ये हृदयविकाराने मृत्यूचे, विशेषतः अचानक मृत्यूचे प्रमाण जास्त असल्याचे समोर आले होते.

शरीरात नेमके काय घडते?

मराठीत चिंता पूर्वीपासून शरीरातच सांगितली जाते. पोटात गोळा येतो, छातीत धस्स होते, तोंडचे पाणी पळते, हातपाय गळतात. हे नुसते वाक्प्रचार नाहीत. धोका जाणवला की मेंदू शरीराला लढायला किंवा पळायला सज्ज करतो. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला या प्रतिक्रियेचे वर्णन केले. मूत्रपिंडांवरील ॲड्रिनल ग्रंथींतून ॲड्रेनलिन सुटते. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, श्वास जलद होतो, यकृत साखर रक्तात सोडते. पचन, लाळ यांसारखी त्या क्षणी गरज नसलेली कामे मागे पडतात. म्हणून तोंड खरेच कोरडे पडते आणि पोटात खरेच गोळा येतो.

पाठोपाठ दुसरी साखळी सुरू होते. मेंदूतील हायपोथॅलॅमस पियूषिका ग्रंथीला आणि ती ॲड्रिनल ग्रंथींना संदेश देते. त्यातून कॉर्टिसॉल हे संप्रेरक बाहेर पडते. ते शरीराला इंधन पुरवत राहते आणि दाह आटोक्यात ठेवते. धोका टळला की ही यंत्रणा शांत व्हायला हवी. समोर साप असेल तर ती काही मिनिटांत शांत होते. पण गृहकर्ज २० वर्षांचे असते आणि कामावरून काढले जाण्याची भीती रोजची असते. शरीराला साप आणि वरिष्ठांचा रात्री अकराचा मेसेज यांतला फरक कळत नाही. त्यामुळे यंत्रणा मंद आचेवर का होईना, चालूच राहते.

या झिजेला संशोधकांनी १९९३मध्ये ‘ॲलोस्टॅटिक लोड’ असे नाव दिले. थांबलेल्या गाडीचे इंजिन रात्रभर चालू ठेवावे तसा हा प्रकार. गाडी कुठे जात नाही, पण इंधन जळते आणि इंजिन झिजते. सततच्या वाढीव दाबाने रक्तवाहिन्यांची आतली नाजूक बाजू दुखावते. कॉर्टिसॉल सतत जास्त राहिले तर पोटाभोवती चरबी साठते, इन्शुलिनचा परिणाम कमी होतो. शिवाय प्रतिकारशक्तीच्या पेशी कॉर्टिसॉलला दाद देईनाशा होतात आणि जो दाह त्याने आटोक्यात ठेवायचा, तोच वाढू लागतो.

मेंदू आणि हृदय यांचा धागा कसा सापडला?

२०१७मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात बोस्टनमधील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या संशोधकांनी २९३ जणांच्या स्कॅनवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूत भीती आणि ताणाची दखल घेणारा बदामाच्या आकाराचा भाग असतो, त्याला अमिग्डाला म्हणतात. ज्यांच्या अमिग्डालाचे कार्य जास्त होते, त्यांच्या अस्थिमज्जेची हालचाल अधिक होती आणि धमन्यांमधील दाहही अधिक होता. पुढील काही वर्षांत हृदयविकार, पक्षाघात अशा घटना त्यांच्यात जास्त घडल्या. ताण, अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या दाहक पेशी आणि धमन्यांमधील दाह अशी साखळी त्यातून पुढे आली.

त्याआधी २००४मध्ये ५२ देशांतील ‘इंटरहार्ट’ या अभ्यासाने हृदयविकाराच्या पहिल्या झटक्यामागील बदलता येण्याजोगे नऊ घटक दाखवून दिले होते. धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉलशी निगडित घटक आणि पोटाचा घेर यांच्या जोडीने त्यात मानसिक-सामाजिक ताणाचाही समावेश होता. घरचा आणि कामाचा ताण, आर्थिक ओढाताण, आयुष्यातील मोठे धक्के आणि नैराश्य हे सारे त्यात धरले होते. पुरुषांमध्ये पहिल्या झटक्याच्या धोक्यापैकी ९० टक्के वाटा या नऊ घटकांचा होता.

क्षणिक ताणही कधी झटक्याचे निमित्त ठरतो. २००६च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयविकाराच्या तातडीच्या घटना अडीच पटींहून अधिक वाढल्याचे आढळले. पुरुषांमध्ये ही वाढ तिपटीहून जास्त होती, स्त्रियांमध्ये दुपटीहून कमी. ज्यांना आधीपासून हृदयविकार होता, त्यांना धोका सर्वाधिक होता. म्हणजे दीर्घ चिंता दारूगोळा साठवते आणि अचानकचा ताण ठिणगी टाकतो.

हृदयाखेरीज आणखी कशावर परिणाम होतो?

पोट : मेंदू आणि आतडे यांच्यात मज्जातंतूंचे दाट जाळे असते. चिंतेत आतड्यांची हालचाल कधी वाढते, कधी मंदावते. घराबाहेर पडण्यापूर्वी दोन-तीनदा शौचाला जावे लागणे, पोट फुगणे, पित्त होणे अशा तक्रारी त्यातून येतात. तपासण्या नॉर्मल आल्या म्हणून त्रास खोटा नसतो. आतड्यांची रचना ठीक असली तरी कार्य बिघडलेले असू शकते.

स्नायू : खांदे कानाकडे ओढलेले, जबडा आवळलेला, झोपेत दात खाणे, डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखी डोकेदुखी. सतत सज्ज राहिलेले स्नायू दुखू लागतात. मान आणि कंबर यांच्या तक्रारींत बसण्याच्या पद्धतीइतकाच ताणाचाही हात असतो.

झोप : कॉर्टिसॉल एरवी सकाळी जास्त आणि रात्री कमी असते. चिंतेत हा ताल बिघडतो. झोप लागत नाही किंवा पहाटे उडते. अपुरी झोप दुसऱ्या दिवशी चिंता वाढवते, रक्तदाब आणि भूकही वाढवते. हे चक्र तोडले नाही तर बाकीचे उपाय लागू पडत नाहीत.

साखर आणि वजन : मधुमेह असलेल्यांमध्ये ताणाच्या काळात साखर वाढलेली दिसते, तेव्हा पथ्य मोडल्याचा संशय आधी घेतला जातो. पथ्य सांभाळूनही असे घडू शकते, कारण ताणाची संप्रेरके यकृताला साखर सोडायला लावतात.

लैंगिक आरोग्य : पुरुष ज्याबद्दल सर्वात कमी बोलतात, तो हा परिणाम. ताठरता येण्यासाठी शरीर शांत अवस्थेत असावे लागते. चिंतेत नेमकी उलट चेतासंस्था जागी असते. एकदा अपयश आले की पुढच्या वेळची धास्ती वाटू लागते आणि धास्तीच अपयशाचे कारण ठरते. दीर्घकाळ तीव्र ताण राहिल्यास टेस्टोस्टेरॉनची पातळीही खाली येऊ शकते. मात्र ही तक्रार केवळ ‘मनाची’ म्हणून सोडून देणे धोक्याचे आहे. लिंगातील रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असल्याने त्या आधी अरुंद होतात. त्यामुळे चाळिशी-पन्नाशीत सुरू झालेली ही तक्रार पुढे येणाऱ्या हृदयविकाराची आगाऊ सूचना असू शकते. जाहिरातीतल्या चूर्णापेक्षा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासणे अधिक गरजेचे ठरते.

पुरुषांचाच प्रश्न वेगळा का?

आकडेवारीत चिंताविकार स्त्रियांमध्ये पुरुषांच्या जवळपास दुप्पट दिसतो. त्यामागे जैविक आणि सामाजिक कारणे आहेत. पण पुरुषांचे आकडे कमी दिसण्यात न सांगण्याचाही वाटा आहे. ‘मला भीती वाटते’ असे म्हणणारा पुरुष दुर्मीळ. त्याऐवजी तो चिडतो, गप्प होतो, कामात बुडवून घेतो किंवा उशिरापर्यंत मोबाइल पाहत बसतो. घरच्यांना दिसतो तो त्याचा राग. त्यामागची धास्ती दिसत नाही.

दुसरा फरक उपायांचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील १५ वर्षांवरील ३८ टक्के पुरुष कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरतात, स्त्रियांमध्ये हे प्रमाण ९ टक्के आहे. दारू पिणाऱ्या पुरुषांचे प्रमाण जवळपास १९ टक्के, तर स्त्रियांचे एक टक्क्याच्या आसपास. ‘टेन्शन आले की एक मारतो’ यात फसगत आहे. निकोटिनने ठोके आणि रक्तदाब वाढतो. सिगारेटनंतर जी शांतता वाटते, ती बरीचशी आधीच्या सिगारेटची तलफ भागल्याची असते. दारू सुरुवातीला सैल करते, पण तिचा अंमल उतरताना मध्यरात्री झोप मोडते आणि सकाळी चिंता अधिक तीव्र होऊन परतते.

न बोलण्याची किंमत दुसऱ्या आकड्यातही दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालानुसार देशात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्या झाल्या. त्यांतील सुमारे ७२ टक्के पुरुष होते आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वाधिक होता. आत्महत्येमागे एकच कारण नसते. पण मदत मागायला उशीर होणे हा पुरुषांमधील समान धागा आहे.

भारतीयांसाठी धोका अधिक का?

‘इंटरहार्ट’च्या आकडेवारीनुसार दक्षिण आशियातील लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३व्या वर्षी आला, इतर देशांत हे वय ५९च्या आसपास होते. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि ३५ टक्क्यांहून अधिक प्रौढांना उच्च रक्तदाब. म्हणजे चिंतेने जे घटक बिघडतात, ते येथे आधीच बिघडलेले आहेत.

त्यात कामाचे स्वरूप भर घालते. शिफ्ट बदलत राहणारा कारखान्यातील कामगार, लोकलमध्ये रोज तीन तास घालवणारा कर्मचारी, प्रत्येक ऑर्डरच्या मिनिटांवर नजर ठेवणारा डिलिव्हरी करणारा तरुण, पाऊस आणि बाजारभाव या दोन्हींवर ताबा नसलेला शेतकरी. कष्ट किती यापेक्षा परिस्थिती आपल्या हातात किती, यावर ताण जास्त ठरतो. मागणी जास्त आणि ताबा कमी असलेली कामे हृदयासाठी सर्वाधिक त्रासाची ठरतात, हे कामगारांवरील अनेक अभ्यासांतून दिसले आहे.

उपचारांतील दरीही मोठी आहे. बंगळूरुच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे आढळले होते.

हृदयविकाराचा झटका की पॅनिक ॲटॅक?

दोन्हींत छातीत दुखते, घाम फुटतो, श्वास अपुरा पडतो, जीव जाईल असे वाटते. पॅनिक ॲटॅक साधारण दहा मिनिटांत टोकाला पोहोचतो आणि नंतर ओसरतो. हातापायांना मुंग्या येतात, धडधड फार जाणवते. हृदयविकाराच्या झटक्यात छातीवर ओझे ठेवल्यासारखी कळ येते, ती डावा हात, जबडा किंवा पाठीकडे जाते, चालल्यावर किंवा जिना चढल्यावर वाढते. पण हा फरक पुस्तकातला. घरबसल्या तो ओळखण्याचा प्रयत्न करू नये. छातीत दुखणे पहिल्यांदाच होत असेल, वय ३५च्या पुढे असेल किंवा मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान यांपैकी काही असेल, तर ते हृदयाचेच आहे असे धरून १०८ वर फोन करावा किंवा लगेच रुग्णालय गाठावे. ‘गॅसेस असतील’ म्हणून घालवलेला तास महागात पडतो. उलट, सर्व तपासण्या नॉर्मल येऊनही असे झटके पुन्हा पुन्हा येत असतील, तर पुढची चिठ्ठी मानसोपचारतज्ज्ञांकडची असायला हवी.

चिंतेसारखीच लक्षणे इतर कारणांनीही दिसतात. वाढलेले थायरॉइड, रक्तक्षय, हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता, दिवसाला आठ-दहा कप चहा किंवा एनर्जी ड्रिंक यांमुळेही धडधड आणि थरथर होते. त्यामुळे आधी साध्या तपासण्या करून घेणे योग्य.

उपचारांनी फरक पडतो का?

चिंतेवर नक्कीच पडतो. विचारांची साखळी ओळखून ती बदलायला शिकवणारी सीबीटी ही समुपदेशन पद्धत सर्वाधिक अभ्यासली गेली आहे. काही आठवड्यांच्या ठरावीक सत्रांत ती पूर्ण होते, त्यामुळे ‘आयुष्यभर जावे लागेल’ ही भीती अनाठायी आहे. २०२२मध्ये २७६ जणांवर झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, आठ आठवड्यांचे सजगता-ध्यानाचे प्रशिक्षण एसिटालोप्रॅम या नेहमीच्या औषधाइतकेच परिणामकारक ठरले.

औषधांबद्दलचे गैरसमजही दूर व्हायला हवेत. चिंतेवर प्रामुख्याने दिली जाणारी एसएसआरआय गटातील औषधे झोपेच्या गोळ्या नाहीत आणि त्यांचे व्यसन लागत नाही. गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. काही पुरुषांना त्यांमुळे लैंगिक तक्रारी जाणवतात आणि ते लाजेने औषध परस्पर बंद करतात. डॉक्टरांना सांगितल्यास मात्रा किंवा औषध बदलता येते. याउलट अल्प्राझोलामसारख्या गोळ्या अर्ध्या तासात शांत करतात, पण त्यांची सवय लागते. जुनी चिठ्ठी दाखवून त्या महिनोन् महिने घेत राहणे किंवा घेत असताना एकदम बंद करणे, दोन्ही धोक्याचे.

चिंता कमी झाली की हृदयही वाचते का? याचा थेट पुरावा अद्याप मर्यादित आहे, पण उत्साहवर्धक आहे. २०१६मध्ये अमेरिकेत १५१ हृदयरुग्णांवर झालेल्या अभ्यासात, नेहमीच्या पुनर्वसनाला ताण हाताळण्याच्या प्रशिक्षणाची जोड मिळालेल्या गटात पुढील काही वर्षांत झटका, शस्त्रक्रिया, मृत्यू अशा घटना १८ टक्के जणांत घडल्या. केवळ व्यायामाधारित पुनर्वसन मिळालेल्या गटात हे प्रमाण ३३ टक्के होते.

सुरुवात कुठून करावी?

पहिले पाऊल मोजण्याचे. सात प्रश्नांची ‘जीएडी-७’ ही चाचणी जगभर वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत अस्वस्थता, न आवरणारी काळजी, चिडचिड इत्यादी किती दिवस जाणवले, याला शून्य ते तीन गुण द्यायचे असतात. २१ पैकी १० किंवा अधिक गुण आल्यास तज्ज्ञांना भेटावे. हे निदान नव्हे, भेटीची वेळ ठरवण्याचे निमित्त.

दुसरे, शरीराचे आकडे. तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि पोटाचा घेर तपासावा. काळजी करण्याचा स्वभाव असलेल्यांनी तर नक्कीच, कारण स्वभाव पूर्ण बदलत नसला तरी हे आकडे आटोक्यात ठेवता येतात. त्याच वेळी रोज दहादा रक्तदाब मोजणेही टाळावे. तीही चिंताच असते.

तिसरे, रोजची शिस्त. आठवड्याला किमान १५० मिनिटे दमछाक होईल इतपत चालणे, झोपण्याची आणि उठण्याची ठरलेली वेळ, दुपारनंतर चहा-कॉफी कमी, रात्री कामाचे मेसेज बंद. दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटे मिनिटाला सहाच्या आसपास सावकाश श्वास घेतल्याने शरीराला शांत करणारी चेतासंस्था जागी होते.

चौथे, बोलणे. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक २४ तास विनामूल्य उपलब्ध आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येते. जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत तपासणी होते. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, तेथे बाह्यरुग्ण विभागात दाखवता येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७नुसार विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांसाठीही विमा देणे बंधनकारक आहे. मात्र अनेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरचाच खर्च देतात, त्यामुळे बाह्यरुग्ण उपचारांची अट आधी तपासून घ्यावी.

घरच्यांची भूमिकाही मोठी आहे. ‘एवढे काय मनाला लावून घेतोस?’ या प्रश्नाने माणूस आणखी मिटतो. ‘गेले दोन महिने तुझी झोप नीट होत नाहीये, डॉक्टरांकडे जाताना मीही येतो,’ असे म्हणणारा भाऊ किंवा मित्र अधिक उपयोगी पडतो. शरीराच्या तक्रारीचे निमित्त करून गेलात तरी चालेल. मात्र दवाखान्यात बसल्यावर ॲसिडिटी आणि मानदुखीच्या पाठोपाठ तिसरी तक्रारही सांगावी : ‘डॉक्टर, डोक्यातली काळजी थांबत नाही.’ कदाचित पहिल्या दोन तक्रारींचे उत्तर तिच्यातच असेल.